मध्ये एक रात्र जाऊ दे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, वीस तारखेलाच खातं रिकामं होतं आणि पैसे कशावर गेले तेच सांगता येत नाही." मग इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणालीस, "हल्ली वाचलेलं काही डोक्यात राहत नाही." तुझ्या दृष्टीने या दोन वेगळ्या तक्रारी. मला मात्र फोन ठेवल्यावर वाटत राहिलं, की दुखणं एकच आहे. मनात आलं की लगेच घेतलं, डोळ्यांपुढून गेलं की समजलं असं धरलं. मध्ये उसंत म्हणून नाही.

मी काही फार शहाणपणाने वागलो अशातला भाग नाही. आपल्या गॅलरीतली ती व्यायामाची सायकल आठवते ना? एकदा जिने चढताना धाप लागली, त्याच रात्री साडेअकराला मी ती मागवली. तीन आठवडे चालवली. त्यानंतर तिच्यावर टॉवेल वाळले ते आजतागायत. ती रात्र झोपून काढली असती, तर सकाळी स्वतःलाच विचारलं असतं, की जिने तर फुकट आहेत, मग तेच रोज का चढू नयेत?

त्या सायकलीने मला एक सवय मात्र लावली. डायरीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले आहेत: वस्तू, तारीख आणि 'आत्ता काय वाटतंय'. घ्यावंसं वाटलेलं, पण आज नसलं तरी अडणार नाही असं काहीही आधी तिथे लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचायचं. मोठी वस्तू असेल तर महिनाभर थांबायचं. गंमत तिसऱ्या रकान्यात आहे. माझ्या तिथल्या नोंदी बघ: 'कंटाळा', 'साहेब बोलले', 'त्याच्याकडे आहे'. पैकी एकही गरज नव्हे. हेडफोन विकत घेऊन साहेबांचं बोलणं बंद होत नाही, हे लिहिलेलं वाचलं की लगेच कळतं. दुकानात उभं असताना नाही कळत.

म्हणून कंजूषपणा करू नकोस. तो मला अजिबात आवडत नाही. दुसऱ्या दिवशीही हवीच वाटली ती वस्तू चांगल्यातली घे आणि मनाला लावून न घेता वापर. चपला, चष्मा, गादी यांत तर काटकसर करूच नकोस. आणि एक कर, खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाक. उठून पाकीट शोधायचं, सगळे आकडे हाताने टाकायचे, एवढ्या कटकटीतच निम्म्या इच्छा विरतात.

कार्डाचं निघालंच आहे तर हे नीट वाच. तुझ्या जन्माच्या आधी मी वर्षभर बिलावरची फक्त 'किमान रक्कम' भरत होतो आणि वेळेवर भरतो म्हणून स्वतःवर खूशही होतो. समज, 10,000 बाकी आहे, व्याज महिन्याला 3 टक्के आणि किमान रक्कम बाकीच्या 5 टक्के. पहिल्या महिन्यात तू 500 भरतेस. त्यातले 300 व्याजात जातात, मुद्दल उतरतं फक्त 200. असंच वर्षभर चाललं आणि कार्डावर नवी खरेदी एकही केली नाही, तरी तू साधारण 5,400 भरलेले असतात आणि बाकी 7,850 च्या आसपास उरलेलीच असते. कागद घेऊन स्वतः मांडून बघ. मी मांडलं तेव्हा बराच वेळ गप्प बसलो होतो. किमान रक्कम ही दंड टाळण्यापुरती असते, कर्ज फेडायला नव्हे. पूर्ण बिल भरता येत नसेल त्या महिन्यात कार्ड ड्रॉवरमध्ये ठेव.

हेच गणित उलट्या बाजूनेही चालतं. 72 ला व्याजाच्या वार्षिक दराने भाग, म्हणजे रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल याचा अंदाज मिळतो. 8 टक्क्यांनी साधारण 9 वर्षं. हा आडाखा 1494 साली छापलेल्या लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या पुस्तकातही आहे. हे मात्र तुझ्या आईला सांगू नकोस. तो मीच शोधलाय असं मी तिला सांगितलेलं आहे. तुझ्यापुरतं एवढंच कर: पगाराच्या दिवशीच ठरावीक रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाऊ दे. महिनाअखेरीस उरतील ते टाकू म्हणशील तर काही उरत नाही. माझं कधीच उरलं नाही.

आता डोक्याचं. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा आणि त्याच याद्या पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. 1885 मध्ये त्याने हे आकडे छापले. तासाभराने बचत 44 टक्क्यांवर आली होती, एका दिवसाने 34, महिन्याने 21. या मापाला त्याने 'बचत' असंच म्हटलंय, हे वाचून मला तुझी आठवण झाली. आता हे आकडे पुन्हा बघ. पहिल्या तासात धाडकन घसरण, नंतर मात्र हळूहळू. महिन्यानंतरही खातं शून्यावर नाही. तेव्हा 'काहीच राहत नाही' हे तुझं म्हणणं खरं नाही.

गळती अडवायची कशी? पुन्हा पुन्हा वाचून नव्हे. वाचताना ओळखीचं वाटतं आणि आपण फसतो. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. एक उतारा दोनदा वाचायचा. दुसरा एकदा वाचून नंतर कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं. ज्यांना पाच मिनिटांनी तपासलं त्यांना दोनदा वाचलेलं जास्त आठवत होतं. ज्यांना आठवड्याने तपासलं त्यांना दोनदा वाचलेल्यातलं 42 टक्के आठवत होतं आणि लिहून काढलेल्यातलं 56. म्हणून प्रकरण संपलं की पुस्तक मीट, पाच ओळी लिही आणि उद्या सकाळी, पुस्तक न उघडता, पुन्हा. आठवायला त्रास होतो तीच कमाई. मी हे करायला लागलो तेव्हा पहिल्या दिवशी दोनच ओळी आल्या आणि त्यांतली एक चुकीची निघाली.

मधली रात्र नुसती वाया जात नाही. 1924 मध्ये जेनकिन्स आणि डॅलनबाख यांनी अवघ्या दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, आणि तेवढेच तास जागं राहण्यापेक्षा झोपल्यावर विसरणं कमी होतं असं त्यांना दिसलं. दोघांवरून निष्कर्ष काढायचा म्हणजे जरा अतीच, पण पुढे इतरांनी केलेल्या पुष्कळ प्रयोगांतूनही झोपेचा स्मरणाला हातभार लागतो हेच दिसलं. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप हवी. तू रात्री एकला 'ऑनलाइन' दिसतेस, हे मी आईला सांगितलेलं नाही. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव आणि गजराचं साधं घड्याळ घे. ही खरेदी डायरीत न लिहिता केलीस तरी चालेल.

हे सगळं सोमवारपासून एकदम सुरू करू नकोस. तुझे आजवरचे सोमवार मला माहीत आहेत. एकच सवय धर आणि रोजच्या ठरलेल्या कशाला तरी ती बांध. दात घासले की डायरी, असं. 21 दिवसांत सवय लागते म्हणतात त्यावर जाऊ नकोस. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे पाहिलं. सवय अंगवळणी पडायचा मधला आकडा निघाला 66 दिवस, पण कुणाला 18 पुरतील आणि कुणाला 254 लागतील असा त्यांचा हिशेब होता. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. मला हा भाग सगळ्यांत आवडला. तू एक दिवस चुकलीस की वहीच फेकून देतेस, लहानपणापासून.

हे पत्र मी काल रात्री लिहिलं आणि पाठवायचं म्हणून पाकिटातही घातलं होतं. सकाळी काढून वाचलं. तुझ्या कपाटाबद्दल एक मोठा परिच्छेद होता, तो खोडला.

तुझा,
बाबा