बॉनेटवरचे डाग आणि क्लिअर कोटचा हिशेब

मुलुंड, मुंबई
१२ ऑक्टोबर

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या काळ्या मस्टँग गाडीवरच्या डागांचे फोटो मिळाले, सगळे मोठे करून पाहिले. फोनवर सांगितलं तर अर्धं तू विसरशील आणि उरलेलं अर्धं उद्याच करून मोकळा होशील, म्हणून लिहितोय.

आधी एक काम कर. ‘साहेब, फुल बॉडी रबिंग मारून देतो, शोरूमसारखी होईल’ असं ज्यानं सांगितलं, त्याला नको म्हणून कळव. होईल शोरूमसारखी, चार दिवस. लोकरीचं पॅड, जाड कंपाउंड (घासून काढणारी पेस्ट) आणि एकाच अक्षावर गरगरणारं रोटरी मशीन सगळ्या गाडीवरून फिरवलं की डाग जातात, पण सोबत क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, तोही जातो, आणि तो डाग नव्हते तिथलाही जातो. शिवाय काळ्या गाडीवर उन्हात जे फिरते पट्टे दिसतात, ज्यांना होलोग्राम म्हणतात, ते याच कामाची देणगी असते.

हिशेब असा आहे. कंपनीच्या पेंटची एकूण जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात पत्र्याला गंजापासून वाचवणारा खालचा ई-कोट आणि प्राइमर मिळून पन्नासेक, तू ज्याला रंग म्हणतोस तो काळा बेस कोट पंधरा-वीस आणि वरचा पारदर्शक क्लिअर ४० ते ५०. माणसाचा केस ७० च्या आसपास असतो, म्हणजे ही सगळी कारागिरी केसाहून पातळ थरात चालते. ऊन अडवणारी द्रव्यंही याच थरात असतात. त्यातला खूप भाग घासून काढला की आज काही कळत नाही, पण काही वर्षांनी छपरावर आणि बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटायला लागतात, आणि त्यावर रंगकामाशिवाय इलाज नाही. म्हणून गाडीच्या संपूर्ण आयुष्यात मिळून आठ-दहा मायक्रॉनच्या पुढे जायचं नाही. तुझी गाडी दुसऱ्या हातची आहे. आधीच्या मालकानं त्यातले किती खर्च केलेत, ते कळल्याशिवाय मशीनला हात लावू नकोस.

आता डाग. तुझ्या फोटोंत तीन वेगळी प्रकरणं आहेत, आणि तिन्हींना एकच औषध नाही.

छपरावरची गोल गोल कडी पाण्याची आहेत. पालिकेचं पाणी तसं सौम्य. पण तुमच्या टॉवरमध्ये धुण्यासाठी टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी वापरत असतील तर त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. सकाळी गाडी पुसणारा बादलीभर पाण्यात फडकं बुडवून हात फिरवतो, थेंब तसेच राहतात, ऑक्टोबरचं ऊन पाणी उडवून नेतं आणि क्षार मागे ठेवतं. ताजा असतो तोवर हा डाग नुसता वर बसलेला असतो. बरेच दिवस तापत राहिला की खाली क्लिअरमध्ये खड्डा पाडतो.

डाव्या दारावरचा पांढरा ओघळ पार्किंगच्या स्लॅबचा. गळणारं पाणी काँक्रीटमधला चुना विरघळवून खाली आणतं आणि हवेत तो कडक होतो. तो नखानं खरवडू नकोस, खाली रेघा पडतील. आणि सोसायटीला गळतीचा अर्ज आजच दे, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेच.

खरं दुखणं बॉनेटवर आहे. ती कावळ्या-कबुतरांची कृपा. विष्ठेत यूरिक ॲसिड असतं, पण दोष एकट्या ॲसिडचा नसतो. काळं बॉनेट उन्हात हात ठेवता येणार नाही इतकं तापतं, तेव्हा क्लिअर मऊ होऊन फुगतो. वर विष्ठा वाळून दगडासारखी होते. संध्याकाळी क्लिअर आकसतो तो तिच्या खडबडीत तळाला धरून. म्हणजे ठसा उमटतो, लाखेवर मोहोर उमटावी तसा.

रात्री पार्किंगमधले दिवे घालवून टॉर्च तिरपा धर आणि तो मधला मोठा डाग बघ. मध्ये भाग मळकट दिसेल, कडेला उंचवट्याचा कंगोरा दिसेल, आणि डोळ्याला जे टोचतं ते मुख्यतः त्या कंगोऱ्यामुळे. प्रकाश तिथे तुटतो. कंगोरा उतरवून कड सपाट केली की खड्ड्याचा तळ जागेवर असूनही डाग ऐंशी टक्के नाहीसा वाटतो. हेच धोरण ठेव: तळ गाठायचा नाही, कड उतरवायची. पण कंगोऱ्याऐवजी भेगांचं जाळं दिसलं, कोरड्या तळ्यातल्या चिखलासारखं, तर क्लिअर फाटलाय. त्यावर कुठलंच कंपाउंड चालत नाही. आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला पेंटखाली फोड असतील तर तो डाग नाहीच, खालच्या धातूचा गंज आहे. तिथे घासू नकोस.

आणखी एक बघून घे. दुसऱ्या हातच्या अशा गाड्यांवर पुष्कळदा पीपीएफ, म्हणजे पेंट वाचवणारी पारदर्शक फिल्म, असते. बॉनेटच्या आणि दाराच्या कडेवरून नख फिरव. फिल्मची पायरी लागली तर डाग फिल्मवर आहेत. त्यावर गरम पाणी ओतून बघायचं, बऱ्याच फिल्मवरचे हलके ओरखडे त्यानं भरून येतात. पॉलिश पेपर मात्र अजिबात नाही.

पेंटची जाडी मोजणारं गेज माझ्याकडून घेऊन जा. लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही वाचणारं आहे. ते लागेलच, कारण मस्टँगचं बॉनेट आणि पुढची फेंडर ॲल्युमिनियमची आहेत. बंपर प्लास्टिकचे, त्यावर हे गेज काही दाखवणार नाही. म्हणून बंपरवर फक्त बारीक पॉलिश, बाकी हात बांधून. प्रत्येक पॅनलवर निदान पाच ठिकाणी मोज आणि कागदावर लिही. ११० ते १३० आलं तर काम करायला जागा आहे. ९० च्या खाली असेल तर आधीच कोणीतरी भरपूर रगडलंय. साफ कर, वॅक्स लाव आणि सोड. दोनशेच्या वर गेलं तर ते पॅनल पुन्हा रंगवलेलं आहे, आणि पाचशे-हजार म्हणजे खाली पोचे बुजवायची पुटी. गेज एकूण जाडी सांगतं, त्यात क्लिअर किती ते सांगत नाही. म्हणून आकडा चांगला आला तरी माजायचं नाही.

आता कामाला लागू. गाडी सावलीत, पत्रा थंड. दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. मग लोखंडाचे कण विरघळवणारा आयर्न रिमूव्हर, तो जांभळा झाला की धुऊन टाक. लोकलच्या रुळांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे कण सापडतातच. मग बारीक क्ले, म्हणजे पेंटला चिकटलेली घाण उचलणारी मातीसारखी वडी, भरपूर ओलावा ठेवून. क्ले जमिनीवर पडली तर फेकून दे, पैशाकडे बघू नकोस.

पाण्याच्या कड्यांना आणि चुन्याच्या ओघळाला पांढरं व्हिनेगर. किराणा दुकानातलं चालेल, तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळ. डिस्टिल्ड म्हणजे बॅटरीच्या दुकानात मिळतं ते पाच लिटरचं कॅन. फडकं भिजवून डागावर दोन मिनिटं नुसतं ठेव, वाळू देऊ नकोस, मग भरपूर पाण्यानं धू. चुन्यावर बुडबुडे येतील. तीन-चार वेळा करावं लागेल, घाई करून रगडू नकोस. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, डिस्टिल्ड पाणी पाच भाग, यानं पूस. आता जे दिसेल तो खरा खड्डा. माझा अंदाज, छपरावरची निम्मी कडी इथेच जातील.

उरलेल्यांसाठी मशीन, तीही ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड गोल फिरवता फिरवता डोलवणारी. रोटरी तुझ्या हाती मी देणार नाही, कडेला क्षणभर थांबली तरी पेंट जळतो. पॅड चिकटवायची पाच इंची प्लेट, साडेपाच इंची पॅड. कडा, बॉनेटवरच्या उठावाच्या रेघा, हेडलाइटच्या बाजू यांवर आधी मास्किंग टेप मार. वाकणावर क्लिअर मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब त्याच रेघेवर येतो.

सुरुवात नेहमी सर्वांत मवाळ जोडीनं. बॉनेटचा दीड फूट चौकोन घे. मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. पहिल्यांदा पॅडला सगळीकडे हलका लेप, मग वाटाण्याएवढे चार थेंब. वेग १ वर ठेवून पसरव, मग ४ ते ५. मशीन हळू सरकव, सेकंदाला एक इंच; प्रत्येक फेरी आधीच्या फेरीला अर्धी झाकणारी; आडव्या-उभ्या मिळून चार ते सहा फेऱ्या. दाब इतकाच की पॅड फिरत राहील. पॅडच्या प्लेटवर मार्करनं एक रेघ मार, फिरणं थांबलं की लगेच कळतं. फिरणं थांबलं की काम थांबलं, नुसती उष्णता वाढते. मग अल्कोहोलनं पूस आणि टॉर्चनं बघ. हे पुसणं चुकवू नकोस: कित्येक पॉलिशमध्ये तेल आणि भराव असतो, तो खड्ड्यात बसून आठवडाभर तुला फसवतो.

डाग हलला नाही तर आधी पॉलिश तेच ठेवून पॅड कडक कर. मग मध्यम कंपाउंड. मग मायक्रोफायबर पॅड. एका चौकोनावर जे जमलं तेच बाकी पॅनलवर. दर चौकोनानंतर पॅड ब्रशनं झाड, दोन पॅनलनंतर बदल. क्लिअरची धूळ पॅडमध्ये साठली की तीच ओरखडे काढते, आणि माणूस वेग वाढवतो. पत्रा हाताला चटका देऊ लागला की थांब.

कावळ्याचे ते दोन मोठे डाग एवढ्यानं जाणार नाहीत. त्यांना ओला घासायचा पॉलिश पेपर. नागदेवी स्ट्रीटला वॉटर पेपर हवा तेवढा मिळेल, पण दोन हजार नंबरचा घेऊ नकोस, तो जाड, फार खातो. ३००० ची फोमवाली डिस्क आणि ५००० ची, दोन्ही चांगल्या कंपनीच्या. स्वस्त पेपरमध्ये एखादा जाड कण असतो आणि तो शेपटीसारख्या वळणदार रेघा काढतो. गेजनं जागेवर पाच वेळा मोजून सरासरी लिही, कारण उपकरणाची चूकच दोन-तीन मायक्रॉनची असते. पाण्यात शाम्पूचे दोन-चार थेंब, छोटा रबरी ठोकळा, हलका हात, एका सरळ दिशेत दहा घासे. बोटांनी थेट दाबू नकोस, बोटांच्या खाली नाल्या पडतात.

मग पाणी पूस आणि बघ. भोवतालचा भाग धुरकट मॅट झालेला असेल आणि त्यात काही ठिपके चमकत राहिलेले दिसतील. ते चमकणारे ठिपके म्हणजे खड्डे, पेपर अजून तिथे पोहोचलेला नाही. दर दहा घाशांनी हे ठिपके लहान होत जातील. ते टाचणीच्या डोक्याएवढे झाले की थांबायचं. संपेपर्यंत घासायचा मोह होईलच, आणि क्लिअर वाया जातो तो त्या शेवटच्या ठिपक्यापायी. घासताना येणारं पाणी दुधाळ असायला हवं. त्यात काळा रंग दिसला तर बेस कोट लागला, तिथून परत यायची वाट नाही.

पुढे ५००० चा पेपर, तोही ओला, मॅटपणा एकसारखा आणि थोडा चमकदार होईस्तोवर. मग कंपाउंड, मग फिनिशिंग. पुन्हा मोज. पेपरपासून पॉलिशपर्यंत मिळून एका जागी चार-पाच मायक्रॉन गेले असतील तर ठीक.

यानंतर लगेच सिरॅमिक कोटिंग, म्हणजे क्लिअरवर बसणारा पातळ कडक थर, लावायला धावू नकोस. गाडी एक पूर्ण दिवस उन्हात ठेव आणि रात्री पुन्हा टॉर्च घे. मशीनच्या उष्णतेनं क्लिअर फुगलेला असतो, त्यामुळे डाग गेल्यासारखा वाटतो आणि दोन दिवसांनी परत डोकं वर काढतो. कोटिंगखाली अडकलेला डाग काढायचा तर आधी कोटिंग घासावं लागतं.

सिरॅमिकबद्दल विचारलं होतंस. लाव, पण ते कावळ्याला अडवेल या भ्रमात राहू नकोस; धुणं सोपं होतं आणि थोडी सवड मिळते, इतकंच. त्यावर क्षारांचे डाग तर उलट जास्त उठून दिसतात. आपल्या दमट हवेत ते लवकर पकडतं, म्हणून एका वेळी दीड फुटाहून मोठी जागा घेऊ नकोस, नाहीतर तेलकट पट्टे वाळून बसतील. बॉनेटवर मात्र पीपीएफच लाव. दीडशे-दोनशे मायक्रॉनची फिल्म आहे, मार तिला खाऊ दे.

डिकीत पाण्याची फवारणीची बाटली आणि दोन मायक्रोफायबर ठेव. विष्ठा दिसली की ओलं फडकं तीन-चार मिनिटं वर ठेवायचं, मग उचलून घ्यायचं, घासायचं नाही. त्यात बिया आणि खडे असतात. आणि सकाळी पुसणाऱ्याला सांग की काळी गाडी त्यानं पुसायची नाही. पगार तेवढाच दे, नाहीतर तो मन लावून पुसेल.

शनिवारी संध्याकाळी ये. गेज, मशीन आणि पेपर माझ्याकडे आहेत. येताना बॅटरीच्या पाण्याची दोन कॅन आण, आणि छपराचे आकडे घेतल्याशिवाय घरी जायचं नाही.

तुझा,
शैलेश