कुरणशाळा पुन्हा भरू दे

महोदय,
माझा नातू दुसरीत आहे. ‘झाडाचे भाग’ हा पाठ त्याला तोंडपाठ, पण पळसाची तीन पाने त्याने पहिल्यांदा मोजली ती सुटीत गावी आल्यावर. मग वाटेतल्या प्रत्येक पळसापाशी थांबला. मधले पान बाजूच्या दोन पानांपेक्षा मोठे असते, हेही त्याचे त्यालाच दिसले!

असे शिकवणे आपल्याकडे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून त्यांनी कुरणावरच शाळा भरवली. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया आणि पाने आली.

आमच्या गावच्या शाळेमागे बारमाही ओढा आहे, पण मुलांना तो खिडकीतूनच दिसतो. आठवड्यातून एक तास तरी वर्ग बाहेर भरावा. आणि कृपा करून त्याचे अहवाल, फोटो शिक्षकांकडे मागू नयेत. तो तास मुलांसाठीच राहू द्यावा.

– एक आजी, डहाणू