संमतीपत्र वाचता येईल अशा भाषेत हवे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दीड वर्षापूर्वी माझ्या वडिलांना अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. उभे आयुष्य निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काढलेल्या त्यांना आधी भाकरीचा घास अडकू लागला, मग भाताचा, आणि रुग्णालयात दाखल होईपर्यंत पातळ आंबिलाखेरीज काही उतरेनासे झाले. तेथे प्रचलित उपचारांच्या जोडीला एक नवे औषध देऊन पाहणाऱ्या क्लिनिकल ट्रायलविषयी विचारणा झाली. आम्ही होकार दिला, त्याचा पश्चात्ताप नाही. ट्रायलच्या समन्वयक ताई दर आठवड्याला फोन करून वजन किती, घास उतरतो का, ताप आला का, हे विचारत. ओपीडीच्या रांगेतल्या रुग्णाच्या वाट्याला एवढी विचारपूस क्वचितच येते.

खटकले ते संमतीपत्र. ते कन्नड आणि इंग्रजीत होते. वडील कानडी सहज बोलतात, वखारीतला निम्मा व्यवहार त्याच भाषेत चाले. परंतु त्यांना वाचता येते ती फक्त मराठी. तरीही त्याच दुपारी त्यांनी पानापानावर सही केली. कोणाला नवे औषध मिळणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते, हे एका परिचारिकेने समजावले तेव्हा सह्या होऊन दोन दिवस उलटले होते. संमती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत घ्यावी आणि तिची प्रत त्याच्या हाती द्यावी, असे ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, २०१९’ सांगतात. कानडी समजते म्हणजे नियम पाळला गेला, असे कागदोपत्री म्हणता येईलही. पण ऐकून समजणे आणि वाचून समजणे यांतले अंतर सीमाभागात कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. (यात भाषिक वाद आणू नये, मिरज-कोल्हापूरला उपचार घेणाऱ्या कन्नड भाषक रुग्णाचीही हीच अडचण होत असणार.)

याचा परिणाम ट्रायलवरही होतो. दर भेटीत प्रश्नावली भरून घेत: घन पदार्थ गिळताना त्रास होतो का? अजिबात नाही, थोडासा, बराच, की खूप? मी मराठीत विचारून उत्तर सांगत असे. आदल्या रात्री पेजही उलटून पडलेली असताना वडील म्हणाले, “थोडासा लिही, नाहीतर काढून टाकतील.” आपण स्वतःहून केव्हाही बाहेर पडू शकतो आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हे त्या संमतीपत्रातच लिहिलेले होते, त्यांना ते ठाऊकच नव्हते. अशा उत्तरांवरून औषधाचा त्रास कमी आहे असा निष्कर्ष निघाला, तर दोष कोणाचा?

ट्रायलचे मोल मी जाणतो. शस्त्रक्रियेआधी केमो आणि रेडिएशन देण्याची पद्धत रूढ होण्यामागे नेदरलँड्समधील ३६६ रुग्णांचा अभ्यास होता; २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्णांचे मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) नुसत्या शस्त्रक्रियेने सुमारे २४ महिने, तर या पद्धतीने ४९ महिने असल्याचे दिसले.

बेळगाव परिसरातील रुग्णालयांच्या नैतिकता समित्यांनी म्हणूनच ट्रायलला मंजुरी देताना मराठी संमतीपत्र आणि प्रश्नावली आहे का, हे पाहावे. कागद निदान दोन रात्री घरी नेऊ द्यावेत आणि त्रास खरा सांगितल्यास पुढे काय होते, हे रुग्णाला तोंडी समजावावे. पुढच्या महिन्यात वडिलांची फेरतपासणी आहे. निदान त्या वेळची प्रश्नावली तरी त्यांना चष्मा लावून स्वतः वाचता यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)