मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीबाहेर बसणाऱ्या चित्रकार काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे मोबाइल आहे, पण गिऱ्हाइकाला चित्राचा फोटो पाठवण्यापलीकडे तुम्ही तो खिशातून काढत नाही. म्हणून तुमच्या शेजारी फुटपाथवर बसणाऱ्यांपैकी कुणी हे वाचलं, तर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं, एवढी विनंती आधीच करून ठेवते.

फोर्टात नोकरी करता करता माझी अर्धी हयात गेली. सीएसएमटीला उतरायचं, ऑफिस गाठायचं, संध्याकाळी पळत गाडी पकडायची. जहांगीरजवळचा काळा घोडा चौक म्हणजे माझ्या लेखी बसचा थांबा. जहांगीरच्या पायऱ्या चढणारी माणसं वेगळी, आपलं तिथे काय काम, असा माझा पक्का समज होता. कुणी कधी अडवलं नाही, हे खरं. पण 'या' असंही कुणी म्हटलं नव्हतं. ते तुम्ही म्हणालात, आणि तेही काही फार प्रेमानं नाही! पावसाची सर आली म्हणून मी तुमच्या प्लास्टिकच्या आडोशाला घुसले, तर तुम्ही वैतागून म्हणालात, "बाई, माझी चित्रं भिजतायत. आत जाऊन उभ्या राहा की. तिकीट नाही तिथे."

त्या वैतागाचे आभार मानायला हे पत्र.

नंतर डबा खाऊन उरलेल्या वेळात मी येत राहिले आणि तुम्ही हातातलं काम न थांबवता एकेक गोष्ट सांगत गेलात. आधी चित्र बघायचं, पाटी मग वाचायची. 'छान आहे' म्हणून निघून यायचं नाही, कुठलं आवडलं ते सांगायचं. आणि कोपऱ्यात टेबलाशी जो अवघडून बसलेला असतो तोच बहुतेक चित्रकार असतो, त्याला बेलाशक विचारायचं. मला हे सगळ्यात कठीण गेलं. पण तुम्ही सांगितलंत तसंच निघालं. वर्षानुवर्षं तारखेची वाट बघून त्याला हा एक आठवडा मिळालेला असतो, भाडं, फ्रेमा, टेम्पो सगळं अंगावर घेतलेलं असतं, आणि दुपारी तीनच्या सुमारास हॉलमध्ये तो आणि पंखा, दोघंच. कुणी "हा निळा इथेच का?" असं विचारलं की त्याला कोण आनंद होतो! मंगळवारी प्रदर्शन बदलतं हे आता मला ऑफिसच्या सुट्ट्यांपेक्षा पक्कं पाठ आहे.

चित्रकार आरांची गोष्टही तुमचीच. कृष्णाजी हौळाजी आरा या शहरात आले ते घरकाम करत, लोकांच्या मोटारी धुवत. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. १९४७ मध्ये सूझा, रझा, गाडे आणि बाकरे यांच्यासोबत या दोघांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा चित्रकार-शिल्पकारांचा गट काढला आणि १९४९ मध्ये याच रॅम्पार्ट रोवर बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात प्रदर्शन भरवलं. तेव्हा जहांगीर उभंही नव्हतं. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ते १९५२ मध्ये झालं. तुम्ही मला हे सांगितलंत आणि वर म्हणालात, "गाड्या धुणाऱ्यानं काढलेलं चित्र बघायला तुम्हाला कसला संकोच?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

समोरच्या एनजीएमएला, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, तुम्हीच पिटाळलंत. पायऱ्या चढत चढत अर्धगोल दालनांमधून थेट घुमटाखाली पोचायचं, ही चालच मला आवडते, मग भिंतीवर काहीही असो. (सगळंच आवडतं असं नाही, काही वेळा नुसती घुमटाखाली बसून येते.) १९११ चा हा सर कावसजी जहांगीर हॉल पुढे मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या सभा, लग्नाची रिसेप्शनं यांना भाड्यानं जायचा, हे ऐकून मी हसले होते. चित्रकार-शिल्पकार मागे लागले नसते तर १९९६ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं नसतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा हसू थांबलं. इथल्या जागा आपोआप टिकलेल्या नाहीत. जहांगीरमधलं समोवार कॅफे २०१५ मध्ये बंद झालं, पुढच्याच वर्षी ऱ्हिदम हाउस हे गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकान. त्या बंद शटरसमोरून तुम्ही एरवीपेक्षा भरभर चालता, हे मी पाहिलं आहे. विचारलं कधी नाही.

एका बाबतीत मात्र आपलं जमत नाही. १९९९ पासून जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरणारा काळा घोडा कला महोत्सव मला सोसवत नाही. नऊ दिवस पाय ठेवायला जागा नसते आणि जो तो मांडणशिल्पाकडे पाठ करून सेल्फी काढत असतो. मी कुरकुरले की तुम्ही चिडता. त्या गर्दीतले थोडे जरी चुकून आत शिरले तरी पुष्कळ झालं, असं तुमचं म्हणणं. शिवाय तुमच्याकडे पोर्ट्रेटसाठी रांग लागते, ते तुम्ही सोयीस्करपणे गाळता! पण चुकून आत शिरणाऱ्यांबद्दल मी बोलणं बरं नाही, हेही मला कळतं.

आणि तो घोडा. ज्यावरून चौकाला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवला, २०१७ मध्ये इथे नवा घोडा आला तो स्वाराविना. यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं झालं, वजन गेलं." माझ्या नवऱ्याला हे वाक्य इतकं आवडलंय की तो ते येईल त्याला ऐकवतो.

काका, तुम्ही मला चित्रकार केलं नाहीत, तसा तुमचा विचारही नव्हता. पण आता संध्याकाळची एखादी गाडी मी मुद्दाम सोडते. म्युझियमच्या बाजूनं येताना कुर्ल्याचा करडा दगड कुठला आणि मालाडचा पिवळा कुठला, ते माझं मलाच ओळखू येतं. एवढी वर्षं ज्या रस्त्यावरून नुसती जात-येत होते, तिथे मी आता थांबते.

येत्या मंगळवारी ऑफिसमधल्या दोघीजणींना घेऊन येतेय. त्या आत जायला लाजतील, तेव्हा पाऊस नसला तरी जरा वैतागून दाखवा. आणि एकीला मुलाचं पोर्ट्रेट करून हवंय, फोटो आणणार आहे. माझी ओळख म्हणून दर कमी करू नका. तिला बोनस मिळालाय.

तुमची,
प्लास्टिकच्या आडोशाला घुसलेली बाई