ज्वारीच्या ए लाइनमधली भेसळ पेरणीआधीच पकडता येईल

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ज्वारीच्या देशी वाणांचा जनुकीय अभ्यास व्हावा, असे शेतीच्या पानांवर हल्ली बरेचदा वाचायला मिळते. ते योग्यच आहे. पण त्यात हरितलवकाचे, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणाचे, नाव कुठे येत नाही, आणि आम्हा बीजोत्पादकांचे खरे अडते ते तिथेच.

मी जालना जिल्ह्यात संकरित ज्वारीचे सीड प्लॉट घेतो. चार ओळी मादी, दोन ओळी नर. मादी म्हणजे नरवंध्य, स्वतःचा पराग न देणारी ए लाइन. तिचे बियाणे वाढवायला तिच्या पराग देणाऱ्या जोडीदाराचा, बी लाइनचा, पराग लागतो आणि या दोघी दिसायला हुबेहूब सारख्या. उंची तीच, पान तेच, दाणाही तोच. मादीच्या बियाण्यात बी लाइनचे दाणे मिसळून आले, तर फुलोरा येईपर्यंत कळायला मार्ग नाही. मग रोज सकाळी ऊन चढायच्या आत ओळीओळीने फिरायचे आणि कणसाला टिचकी मारून पाहायचे. ए लाइनचे परागकोश बारीक आणि पोकळ, त्यातून काही पडत नाही. बी लाइनचे भरलेले, तळहातावर पिवळी भुकटी उतरते. ते ताट तिथेच उपटायचे. पण भुकटी दिसली याचा अर्थ पराग आसपासच्या कणसांवर आधीच गेलेला असतो. आमच्या शिवारातल्या एका शेतकऱ्याचा अख्खा प्लॉट यामुळे नापास झाला. बियाणे त्याला जसे मिळाले तसे त्याने पेरले होते. खत, पाणी, मजुरी मात्र त्याच्या अंगावर पडली.

हे टाळता येते. ए आणि बी यांचे पेशीकेंद्रक, म्हणजे त्यातला डीएनए, एकच, म्हणून केंद्रकातल्या खुणा इथे कामाच्या नाहीत. दोघींची आई मात्र वेगळी आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मिलो ज्वारीच्या पेशीद्रव्यात (केंद्रकाबाहेरच्या, आईकडून येणाऱ्या भागात) काफिर ज्वारीचे केंद्रक आणून ही नरवंध्यता दाखवली; म्हणजे अशा ए लाइनची आई मिलो. आपला ज्वारीचा पहिला संकरित वाण सीएसएच-१, १९६४ चा, याच मिलोवर उभा राहिला. ज्वारीत हरितलवक आईकडूनच येते आणि त्याला स्वतःचा डीएनए असतो. १९९० च्या दशकात संशोधकांना मिलोच्या नरवंध्य ज्वारीत, हरितलवकातल्या आरपीओसी-२ या जनुकात, १६५ अक्षरांचा (डीएनएच्या घटकांना आपण अक्षरे म्हणू) तुकडा गळालेला सापडला. वंध्यत्व त्याच्यामुळेच येते असे नाही. ओळख पटवायला मात्र ती खूण पुरते. डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढणाऱ्या साध्या पीसीआर चाचणीत ए लाइनचा पट्टा आखूड दिसतो, बी लाइनचा लांब. रोपाच्या पानाचा तुकडा पुरतो, फुलोऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

मग हरितलवकाचे पूर्ण सिक्वेन्सिंग, म्हणजे सगळी अक्षरे वाचणे, कशाला? कारण ही खूण मिलोची आहे. आपल्या मालदांडीपासूनही नरवंध्य पेशीद्रव्य मिळाले आहे आणि त्याचा वंश वेगळा. तिथे मिलोची खूण चालेल असे धरून बसणे धोक्याचे. कोणत्या वंशात नेमके काय वेगळे आहे, हे सगळी हरितलवके शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कळणार नाही. हे काम आवाक्यातले आहे. ज्वारीचे केंद्रक सुमारे ७० कोटी अक्षरांचे, हरितलवक अवघ्या १,४०,७५४ अक्षरांचे. तंबाखूचे १९८६ मध्येच वाचून झाले, भाताचे १९८९ मध्ये. एरवी हरितलवकात दोनदा, उलटसुलट दिशेने येणाऱ्या डीएनएच्या मोठ्या तुकड्याची एक प्रत हरभऱ्यात नाहीच, तुरीत दोन्ही आहेत, हेही अशाच तुलनेतून कळले. दोन पिकांमधली अशी तुलना वर्गीकरणाला मोलाची. आम्हाला हवी आहे ती एकाच पिकातल्या वाणांची, जिथे फरक थोडे आणि म्हणून बारकाईने शोधावे लागतात.

उत्पादन किंवा दुष्काळ सोसण्याची ताकद यातून कळेल, असा दावा कोणी करू नये. हरितलवक फक्त आईचा वंश सांगते. बीजोत्पादकाला तेवढेच हवे आहे.

राज्यातल्या कृषी विद्यापीठांना माझी विनंती आहे. सध्या वापरात असलेल्या सगळ्या ए आणि बी लाइन, त्यांच्यासोबत मालदांडी, दगडी, गुळभेंडी, कुचकुची या देशी वाणांची हरितलवके पूर्ण वाचावीत आणि फरक सर्वांना खुले करावेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधासाठी हा विषय उत्तम आहे. आणि मादीच्या पायाभूत बियाण्याची पिशवी आमच्या हाती देण्याआधी ही तपासणी बंधनकारक करावी, तिचा निकाल पिशवीच्या लेबलवर छापावा.

आपला,
एक ज्वारी बीजोत्पादक, जि. जालना