लघवीचा संसर्ग वारंवार होत असेल, तर फोनवरच्या सल्ल्याआधी कल्चर हवे

महोदय,

उपकेंद्रात बसून ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवेवरून डॉक्टरांशी बोलता येते, ही खेड्यापाड्यांतल्या महिलांसाठी मोठी सोय आहे. सर्दी-खोकला, रक्तदाबाच्या चालू गोळ्या, त्वचेचे साधे विकार यांत ती नीट चालते. पण ‘उन्हाळी लागली’ म्हणून एकच बाई वर्षात तिसऱ्यांदा किंवा चौथ्यांदा स्क्रीनसमोर बसते, तेव्हा ही व्यवस्था तोकडी पडते. त्या दिवशी ज्यांची ड्युटी असेल ते डॉक्टर भेटतात. मागे काय दिले होते ते कुणाला ठाऊक नसते. पाच मिनिटांत आणखी एक अँटिबायोटिक लिहिले जाते आणि महिन्याभराने तीच तक्रार परत येते. यात फोनचा काही दोष नाही. फोनवर काय विचारायचे आणि फोनच्या आधी काय तपासायचे, हे ठरवलेले नाही, ही खरी अडचण आहे.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, तर तो वारंवार होणारा मूत्रमार्गसंसर्ग समजतात. एखाद्या वेळच्या संसर्गात लक्षणे पुरेशी बोलतात. लघवीला जळजळ आहे, सारखी लागते आहे आणि अंगावरून पांढरे जात नाही, असे असेल तर संसर्ग असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर जाते, आणि हे तीन प्रश्न साध्या फोनवरही विचारता येतात. पुन:पुन्हा होणाऱ्या त्रासात मात्र वेगळेच विचारावे लागते: मागचाच जंतू उरला होता की हा नवा शिरला? औषध संपल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्रास उलटला आणि कल्चरमध्ये (लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) तोच जंतू निघाला, तर मागचे औषध लागू पडले नव्हते, डोस अर्धवट राहिला किंवा आत मुतखड्यासारखे ठाण मांडायला ठिकाण आहे, असा संशय घ्यावा. मधे महिना-दोन महिने अगदी बरे गेले असतील, तर बहुधा नवा संसर्ग असतो आणि कारण शरीराबाहेरच्या सवयींत किंवा परिस्थितीत शोधावे लागते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. तारखा आणि कल्चरचा कागद नसेल, तर कितीही हुशार डॉक्टरला हा फरक स्क्रीनवरून कळणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की वारंवार तक्रार असलेल्या महिलेचा लघवीचा नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी घेतला जावा आणि डॉक्टरांचा सल्ला त्या अहवालाला जोडला जावा. त्रास फार असेल तर नमुना दिल्यावर लगेच औषध सुरू करता येते. अहवाल आल्यावर ते बदलता येते. गोळी आधी घेतली, तर कल्चरमध्ये ‘वाढ नाही’ असे येते आणि तपासणी वाया जाते.

नमुना घेण्यातच सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लघवी तीन-चार तास साठलेली असावी. सकाळची पहिली असेल तर उत्तम. नमुना द्यायचा म्हणून आदल्या तासात तांब्याभर पाणी पिऊ नये, लघवी पातळ होऊन जंतूंची संख्या कमी दिसते. हात साबणाने धुवावेत, जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवावी. सुरुवातीची धार सोडून द्यावी आणि मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी. २० ते ३० मिली पुरते. डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. डबीवर नाव, तारीख आणि वेळ लिहावी. ही वेळच बहुतेक जागी लिहिलेली नसते. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवून २४ तासांच्या आत. मराठवाड्यातल्या उन्हात डबी चार तास टेबलावर राहिली, तर त्वचेवरचे थोडे जंतूही अनेक पटींनी वाढतात. अहवालात ‘संमिश्र वाढ’ आली तर तो संसर्ग समजून औषध देऊ नये, नमुना पुन्हा घ्यावा.

जिथे फ्रीज नाही तिथे बोरिक ॲसिड घातलेली नळी वापरतात. तिच्यात नमुना बाहेरच्या तापमानालाही साधारण दिवसभर टिकतो. मात्र नळी खुणेपर्यंत भरावी लागते. अर्धीच भरली तर बोरिक ॲसिडचे प्रमाण जास्त होते आणि जे जंतू मोजायचे तेच मरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून रक्ताचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळांत जातात, त्याच वाटेने या नळ्या पाठवता येतील.

अहवाल यायला दोन ते तीन दिवस लागतात. तो वाचतानाही लक्षणांकडे पाहावे लागते. प्रति मिली १ लाख जंतू हा नेहमीचा निकष आहे. पण स्पष्ट लक्षणे असलेल्या महिलेत ई. कोलायसारख्या (हा आतड्यातला जंतू) एकाच जंतूची १ हजारांची वाढही खरी असू शकते. उलट काहीही त्रास नसताना नुसते जंतू दिसले, तर गरोदरपण किंवा मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया सोडल्यास औषध द्यायचे नसते. बरे वाटल्यावर ‘एकदा खात्री करून घेऊ’ म्हणून कल्चर करण्याचा आग्रह अनेक ठिकाणी धरला जातो. त्यातून विनाकारण अँटिबायोटिक सुरू होतात.

आणखी एक अहवाल आहे, ज्याकडे फोनवर हमखास दुर्लक्ष होते: लघवीत पू-पेशी भरपूर, कल्चर मात्र दर वेळी कोरे. आपल्याकडे अशा वेळी मूत्रमार्गाच्या क्षयरोगाचा विचार झालाच पाहिजे. त्यासाठी ओळीने तीन दिवस पहाटेची लघवी तपासावी लागते. नेहमीच्या कल्चरमध्ये क्षयाचे जंतू वाढत नाहीत.

आता प्रश्नांविषयी. जळजळ लघवी होताना आत होते की बाहेरच्या त्वचेवर, हे विचारावेच. बाहेर आग आणि खाज असेल, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, आणि अँटिबायोटिकने तो वाढतो. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन सुरू आहे का, हेही विचारावे. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि त्या भागात बुरशी सहज धरते. पाळी गेलेल्या महिलेत योनीमार्ग कोरडा पडल्यामुळे संसर्ग परत परत होतो आणि इस्ट्रोजेनचे मलम त्यावर उपयोगी पडते. अंग बाहेर येते का, लघवी झाल्यावरही राहिल्यासारखी वाटते का, या प्रश्नांचे उत्तर ‘हो’ असेल तर प्रत्यक्ष तपासणी आणि लघवीनंतर मूत्राशयात किती उरते हे पाहणारी सोनोग्राफी लागते.

शेजारी सासू, नवरा किंवा मुकादम उभा असताना बाई यातले काहीच सांगणार नाही. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी तिला इयरफोन द्यावा आणि डॉक्टरांनी प्रश्न असे विचारावेत, की ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे बोलून भागेल. एवढ्या साध्या गोष्टीने माहितीचा दर्जा बदलतो.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणे, उलट्या, लघवीत डोळ्यांना दिसणारे रक्त, गरोदरपण, पुरुष, लहान मूल, लघवीची नळी बसवलेला रुग्ण: इथे फोन ठेवून प्रत्यक्ष तपासणीला पाठवावे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी हा निर्णय डॉक्टरांवरच सोपवला आहे. औषध न लिहिता रुग्णालयात जायला सांगणे हाही पूर्ण सल्लाच आहे. औषधविक्रेत्याकडून परस्पर मिळणाऱ्या ओफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलच्या जोडगोळीबद्दलही सांगायला हवे. त्यातल्या ऑर्निडाझोलचा ई. कोलायवर काहीच परिणाम होत नाही. सेफिक्सिम हे अँटिबायोटिक तर औषध नियमांतल्या ‘एच-१’ सूचीत आहे. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते.

हे सारे सर्वांत जास्त लागू होते ते ऊसतोड महिलांना. फडात संडास नाही, म्हणून पाणी कमी प्यायचे आणि लघवी तुंबवून धरायची. खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून दवाखाना टाळायचा. ओटीपोटात दुखणे, जळजळ आणि पांढरे जाणे एकत्र सांगितले की ‘पिशवी खराब आहे’ असे उत्तर त्यांच्यातल्या कितीतरी जणींना मिळाले आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. गर्भाशय काढल्याने मूत्राशयाचा संसर्ग थांबत नाही, आणि कल्चर झाले असते तर यातल्या काही महिलांच्या दुखण्याचे खरे कारण आधीच हाती लागले असते.

ऊसतोडीची टोळी कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात गेली, की गावाकडच्या उपकेंद्रातली नोंद मागे राहते. इथे टेलिमेडिसिन खरे कामाचे ठरू शकते. आरोग्य विभागाकडे आमची मागणी आहे, की गळीत हंगामाला निघण्यापूर्वी प्रत्येक महिलेचा आभा क्रमांक (आरोग्याच्या नोंदी जोडणारा सरकारी क्रमांक) काढून द्यावा. वारंवार त्रास असलेल्यांना एका कागदावर प्रत्येक वेळची तारीख, कल्चरमधला जंतू, औषधाचे नाव, मिलीग्रॅम, किती दिवस घेतले आणि थांबवल्यावर किती दिवसांनी परत त्रास झाला, हे लिहून द्यावे. या महिलांचा ई-संजीवनीवरचा पुढचा सल्ला गावाकडच्या तालुक्यातल्या एकाच ठरलेल्या डॉक्टरांकडे, आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी आणि काम सुटल्यानंतरच्या वेळेत ठेवावा. कारखान्याजवळच्या उपकेंद्रांना बोरिक ॲसिडच्या नळ्या हंगाम सुरू होण्याआधी पोहोचल्या पाहिजेत. जानेवारीत मागणीपत्र पाठवून त्या मार्चला आल्या, तर तोवर टोळ्या परतीच्या वाटेला लागलेल्या असतात.

आपले विश्वासू,
मूत्रविकार आणि स्त्रीआरोग्य क्षेत्रात काम करणारे काही डॉक्टर, बीड जिल्हा