दादाची पिवळी बोटं

प्रिय विन्या,

माझी तब्येत बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. लिहायला बसलो ते दादासाठी.

परवा त्याची बोटं पिवळी दिसली आणि माझ्या पोटात धस्स झालं. आतड्यातल्या गाठी यकृतात गेलेल्या, म्हटलं कावीळच. वहिनीने मुकाट्याने खण उघडून डबा दाखवला. हळदीच्या अर्काची पूड! शिवाय कसलासा काढा. पुढची किमो नको म्हणतोय. "ते विष आहे, हे झाड आहे."

हॉस्टेलमध्ये याच 'नैसर्गिक'वरून तू माझ्याशी अबोला धरला होतास, आठवतं? अरे, दादाला शिरेतून देतात ते इरिनोटेकॅन झाडाचंच लेकरू. चीनमधल्या एका झाडातून वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन वेगळं काढलं, 1966 साली. आपल्याकडच्या नरक्या नावाच्या झाडातही तेच असतं. डीएनएचा पीळ सोडवणारं एन्झाइम ते अडकवून ठेवतं, धागा तुटतो, पेशी मरते. पण सत्तरच्या दशकात ते माणसांना दिलं तेव्हा लघवीतून रक्त जायला लागलं, चाचण्या थांबवाव्या लागल्या. मग रेणू बदलून इरिनोटेकॅन केलं, मात्रा बसवली. अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली ती 1996 मध्ये. तीस वर्षं, विन्या!

हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी मारतं, हे खरं. पण पोटातून घेतलं की आतडं आणि यकृतच त्याचं रूप पालटून टाकतात, रक्तात नावापुरतं उरतं. आतड्याच्या अस्तराला थोडंफार मिळतं, म्हणून संशोधक त्याच्या मागे आहेत. दादाच्या गाठी यकृतात आहेत त्याचं काय? त्याहून भीती काढ्याची. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने इरिनोटेकॅनचा रक्तातला असर घटतो, हे रुग्णांमध्ये तपासलेलं आहे. या काढ्यात काय आहे ते दादालाही ठाऊक नाही.

खरं कारण जुलाब आहेत, असं मला वाटतं. गेल्या वेळी रात्रभर उठत होता. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते त्याला. त्यावर गोळ्या आहेत, मात्रा कमी करता येते, पण सांगितलं तर ना!

चिनूला निकालाची शाबासकी दे. वरच्या मजल्याचं काम संपलं का? आईंना नमस्कार.

रविवारी दादाला फोन कर. माझ्याशी तो लगेच तावातावाने बोलतो, तुझं मात्र लहानपणापासून ऐकतो (का, ते देवाला ठाऊक!). डबा फेक म्हणू नकोस. डबा, काढा आणि जुलाब, तिन्ही गोष्टी डॉक्टरांपुढे ठेव, एवढंच सांग. किमो बुधवारी आहे.

तुझा,
सुऱ्या